गजलक्ष्मी सोसायटीचं गुणसूत्र

पार्किंगचं भांडण आपण कॉम्प्युटरवर मिटवून देऊ, असं सहदेव म्हापणकर भर सभेत आणि पूर्ण शुद्धीत म्हणाले होते. याला एकवीस साक्षीदार आहेत. शिवाय सभेच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक सात म्हणून ते नोंदलेलं आहे, त्यामुळे नंतर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय राहिली नाही.

कोपरच्या गजलक्ष्मी सोसायटीत गाड्या बावीस आणि पार्किंगच्या जागा नऊ. त्यातही आठच म्हणायच्या, कारण खाडीच्या बाजूच्या नवव्या जागेत तळमजल्यावरच्या मनुबाईंची होडी निळ्या ताडपत्रीखाली पालथी पडलेली असे. बाकीच्या आठ जागांसाठी दरवर्षी चिवड्याच्या डब्यातून चिठ्ठ्या निघत. चेअरमन विठ्ठलराव नाफडे यांची चिठ्ठी सलग चार वर्षं निघाली. पाचव्या वर्षी ती त्याच डब्यात दोनदा सापडली, तेव्हा मात्र लोकांचा चिठ्ठ्यांवरचा विश्वास उडाला. गुण द्या, गुणांवर जागा द्या, असं सगळे म्हणू लागले. गुण कसे मोजायचे यावर पावणेदोन तास चर्चा झाली आणि शेवटी सूत्र ठरलं: सोसायटीत राहिलेली वर्षं गुणिले पाच, अधिक घरातले ज्येष्ठ नागरिक गुणिले दहा, वजा दुचाक्या गुणिले दोन.

"पण हे मोजणार कोण?" नाफडेंनी विचारलं. त्यांचा रोख असा होता, की मोजायला आपणच बरे.

इथे सहदेवराव उठले. निवृत्तीनंतर त्यांनी तीन महिन्यांचा ऑनलाइन प्रोग्रामिंगचा वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी, किंचित वर लावलं होतं. ते म्हणाले, "प्रत्येकाने आपापलं गणित एका ओळीत लिहून पाठवायचं. माझा प्रोग्राम ती ओळ वाचेल आणि उत्तर देईल. माणसाचा हात लागायला नको."

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणसाचं जितकं नुकसान होतं तितकं शिव्यांनी होत नाही.

प्रोग्राम तसा सोपाच निघाला. लिहिलेलं गणित वाचून उत्तर देणारा एक तयार शब्दच त्या भाषेत आहे, इव्हॅल. त्याच्या कंसात मजकूर टाकला की उत्तर बाहेर. सहदेवरावांचा अख्खा प्रोग्राम सहा ओळींत झाला. सहा ओळींचा आहे हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पत्नी लक्ष्मीबाईंनी विचारलं तेव्हा "चाललंय काम," एवढंच म्हणाले आणि चार दिवस चालवलं.

सोसायटीच्या ऑफिसात प्रात्यक्षिक ठेवलं. टीव्हीला लॅपटॉप जोडून त्यांनी सर्वांसमक्ष टाइप केलं: दोन अधिक तीन गुणिले चार. उत्तर आलं चौदा.

"वीस," नाफडे म्हणाले.

"चौदा आहे ते."

"दोन आणि तीन पाच. पाच चोक वीस." नाफडेंनी ऑफिसातला मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर ओढला आणि एकेक बटण सावकाश दाबलं. कॅल्क्युलेटरने वीस दाखवले. त्यांनी तो पुरावा म्हणून सभेत फिरवला. "पहिल्याच घासाला खडा लागला, म्हापणकर."

मग गणिताचे निवृत्त शिक्षक परशुराम सर उभे राहिले. सर बी विंगेत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट बंद असली तर जिन्यात भेटेल त्याला पाढे विचारतात. ते म्हणाले, "कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गुणाकार आधी. चौदाच बरोबर आहे. पाचवीत शिकवतात."

"पाचवी होऊन मला अठ्ठावन्न वर्षं झाली," नाफडे म्हणाले. "ही लोकशाही आहे. मत घ्या."

मत घेतलं. चौदाच्या बाजूने तेरा, वीसच्या बाजूने सात, एक तटस्थ. चौदा मंजूर झाले. सहदेवराव खूश झाले, पण परशुराम सर घरी जाऊन जेवले नाहीत. हरलो असतो तर एक वेळ सोसलं असतं, पण कंचेभागुबेव बहुमताने जिंकलं हे त्यांना लागलं. आणि तटस्थ कोण राहिला ते त्यांना अजून शोधायचं होतं.

व्हॉट्सॅपवर लिंक गेली आणि ओळी येऊ लागल्या. सहदेवरावांच्या मनात आकडे आणि चिन्हं होती. लोकांच्या मनात काय होतं ते येऊ लागलेल्या ओळींवरून कळलं. कुणी देवनागरी आकडे टाकले, ते इव्हॅलला वाचता येईनात. कुणी गुणाकाराला इंग्रजी एक्स वापरला. एकाने सातच्या आधी शून्य लावलं, कारण बँकेत तसंच लावतात. एका बाईंनी सूत्राऐवजी 'आम्ही पहिल्यापासून आहोत, सर्वांना माहीत आहे' एवढंच लिहिलं. प्रत्येक वेळी प्रोग्राम जागीच बसे आणि इंग्रजीत चार ओळींचा राग व्यक्त करे. सहदेवराव एकेकाला फोन करून ओळ दुरुस्त करून घेत. माणसाचा हात लागायला नको म्हणता म्हणता त्यांचा कान लाल झाला.

आठवड्याने यादी आपोआप तयार होऊन ग्रुपवर पडली. पहिला क्रमांक: सुदेश, सी विंग. गुण चोवीस लाख शहात्तर हजार नव्याण्णव. दुसरा क्रमांक नाफडे, एकशे वीस.

झालं होतं असं, की सुदेशला मोबाइलवर गुणाकाराची चांदणी पुसट दिसली, म्हणून त्याने प्रत्येक ठिकाणी दोन दोन दिल्या. प्रोग्रामच्या भाषेत दोन चांदण्या म्हणजे घात. एकोणीस वर्षं गुणिले पाच हे एकोणीसचा पाचवा घात झालं. सहदेवराव समजावायला गेले, तर सुदेश शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच बोललेले ना, माणसाचा हात लागणार नाही? मग आता हात कशाला लावताय?"

"अरे, चोवीस लाख गुण कसे होतील एका माणसाला?"

"ते मला नाही माहिती. पण मला एक सांगा. आईचे दहा गुण धरले का?"

सहदेवरावांनी पाहिलं. एकचा दहावा घात एकच. "एक धरलाय."

"आणि स्कूटरचे किती कापले?"

एकचा दुसरा घातही एकच. "एक."

"म्हणजे आई आणि स्कूटर सारखी?" सुदेशचा आवाज पहिल्यांदा चढला. चोवीस लाखांवर तो भांडला नसता, पण आईच्या नऊ गुणांवर त्याने लेखी तक्रार दिली.

त्याच संध्याकाळी ए विंगेतली रसिका आली. ती एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करते, म्हणजे सोसायटीतल्या बऱ्याच जणांसारखंच, पण पगार घेऊन. चहा घेतल्यावर तिने विचारलं, "काका, आतमध्ये इव्हॅल वापरलाय का?"

"का?" सहदेवराव सावध झाले.

"त्याला गणितच द्यायला पाहिजे असं नाही. काहीही दिलं तर तो करून मोकळा होतो. मी आज गुणांच्या जागी एक वेगळी ओळ टाकली, तर मला उत्तरात हे आलं." तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर सहदेवरावांच्या लॅपटॉपमधल्या फायलींची नावं ओळीने होती. वजन_तक्ता. विहिणबाईंच्या_सूचना. आणि मध्येच, नाफडेंबद्दल_पत्र_न_पाठवलेलं_तीन.

पत्र क्रमांक तीनची भाषा पत्र क्रमांक दोनपेक्षा मोकळी होती.

"मी उघडलं नाही काका," रसिका म्हणाली. "पण उघडता आलं असतं. पुसताही आलं असतं. इव्हॅल काढा. ओळ एकेक शब्द करून स्वतः वाचा, आकडा कुठला, चिन्ह कुठलं, आधी काय करायचं, नंतर काय. थोडं काम आहे, पण तुम्हाला जमेल."

'तुम्हाला जमेल' हे ज्या सुरात लहान मुलांना म्हणतात त्याच सुरात ती म्हणाली, आणि सहदेवराव आतून दुखावले. आमचं सगळं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनच्या मापांत गेलंय, असं त्यांना सांगायचं होतं. पण पत्र क्रमांक तीन आठवलं आणि त्यांनी तिला आणखी एक लाडू घ्यायचा आग्रह केला.

इकडे सुदेशच्या तक्रारीने नाफडे हादरले होते. त्यांनी ठरवलं की सूत्रावर सरकारी शिक्का घ्यायचा. मग कुणाची तक्रार आली तरी शिक्का दाखवायचा. सहदेवरावांना घेऊन ते आपल्या गाडीने ठाण्याच्या उपनिबंधक कचेरीला निघाले. शीळफाट्यावर एक तास दहा मिनिटं उभे राहिले, तेवढ्या वेळात नाफडेंनी, दोन अधिक तीन गुणिले चार वीस कसे होतात, हे पुन्हा दोनदा सिद्ध केलं. ठाण्यात खोपटला पोहोचले तेव्हा कचेरीची जेवणाची सुट्टी सुरू झाली होती, आणि ती संपली तेव्हा तेवीस माणसं पुढे होती.

कचेरीतल्या बाई शांत, चष्मा नाकावर आणि हातात लाल पेन. त्यांनी कार्यपद्धतीचं पान वाचलं. सहदेवरावांनी ते मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

"गुणांची मोजणी इव्हॅल करील," बाईंनी वाचलं. "हे इव्हॅल कोण?"

"ते... उत्तर काढतात."

"सभासद आहेत?"

"नाही, बाहेरचे आहेत," सहदेवराव गोंधळून म्हणाले.

"बाहेरची व्यक्ती सभासदांचे गुण मोजणार? मग सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. त्यांचं संमतीपत्र, आणि ओळखीचा पुरावा."

"मी त्यांना काढणारच होतो, मॅडम."

"का? काही गैरवर्तन?"

रसिकाच्या मोबाइलमधली यादी सहदेवरावांच्या डोळ्यांपुढून गेली. "हो," ते म्हणाले. "लोकांच्या खासगी गोष्टी बाहेर सांगतात."

"मग बरंच केलंत." बाईंनी इव्हॅलवर लाल रेघ मारली. नंतर सूत्राकडे वळल्या. "हे असं चिन्हांत चालणार नाही. सूत्र मराठीत हवं, अक्षरी. सभासदांनीही अक्षरीच भरायचं, म्हणजे आकड्यांत खाडाखोड होत नाही. आणि 'सोसायटीत राहिलेली वर्षं' ही काय भाषा झाली?" त्यांनी वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: सदर जागेवरील वास्तव्य, वर्षे. मग शिक्का मारला. शिक्का इतका ठसठशीत उठला की नाफडेंना परतीच्या वाटेत शीळफाट्याचं काही वाटलं नाही.

फलकावर 'सुधारित गुणसूत्र' अशी नोटीस लागली. एका सभासदाने, रक्त कुठे द्यायला जायचं, असं विचारलं.

आता प्रोग्रामला मराठी शिकवणं आलं. सहदेवराव लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि लक्ष्मीबाई मेथी निवडता निवडता एकपासून सांगू लागल्या. इंग्रजीत वीसनंतर सगळं ठोकळ्यांचं आहे, पण मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र स्वभाव. सहासष्टला पोहोचल्यावर सहदेवराव थांबले. "ट की ठ?"

"दोन्ही लिहा. लोक दोन्ही लिहितात."

"आणि एकोणसाठ की एकुणसाठ?"

"दोन्ही. अहो, शुद्धलेखनाचे गुण नाहीत ना सूत्रात? मग कशाला अडवता?"

अधिक, वजा, गुणिले, भागिले झाले. गुणिले आधी, बेरीज नंतर, याची व्यवस्था त्यांनी स्वतः हाताने लिहिली तेव्हा परशुराम सरांची आठवण येऊन त्यांचा ऊर भरून आला. मग लक्ष्मीबाईंनी सहज विचारलं, "आणि दीड?"

"दीड कशाला?"

"राहायला येऊन दीड वर्ष झालं असं म्हणतात लोक. एक पूर्णांक पाच दशांश कोण म्हणतं?"

दीड आला. मागोमाग अडीच, सव्वा, पाऊण आले. साडे आणि पावणे हे आकडेच नव्हेत, पुढच्या आकड्याला चिकटून त्याला वाढवणारे किंवा खाणारे ते प्रकार. साडेतीन चालतं, पण साडेदोन कुणी म्हणत नाही. "कुणी साडेदोन लिहिलं तर?" त्यांनी विचारलं. "तो आपल्यातला नाही," लक्ष्मीबाई म्हणाल्या. खरी गंमत पावणेदोनशेने केली. प्रोग्रामने आधी दोनशे केले आणि त्यातून पाव काढला. उत्तर आलं एकशे नव्याण्णव पूर्णांक पंचाहत्तर शतांश. लक्ष्मीबाई इतक्या हसल्या की मेथीची जुडी खाली पडली. आधी दोनातून पाव काढायचा आणि मग शेकडा करायचा, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही आणि बाजारात प्रत्येकाला येतं. ते प्रोग्रामच्या डोक्यात घालायला सहदेवरावांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनशेला एकशे पंचाहत्तर आले, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून तीनदा चालवून दाखवलं. सहा ओळींचा प्रोग्राम चारशे ओळींचा झाला होता. या वेळी त्यांनी आकडा सर्वांना सांगितला.

चाचणीचा मान परशुराम सरांना दिला. सरांनी वळणदार भाषेत लिहिलं: बी-तीनशे दोन, अकरा गुणिले पाच अधिक दोन गुणिले दहा. गुण आले उणे एक हजार पाचशे पंचेचाळीस.

सरांनी पडद्याजवळ जाऊन तो आकडा पुन्हा वाचला. आयुष्यभर त्यांनी पोरांना कमी गुण दिले होते, पण शून्याखाली ते कधी गेले नव्हते.

दोष फ्लॅटच्या नंबरातल्या आडव्या रेघेचा होता. प्रोग्रामने तिला वजा मानलं. त्यातून 'एकशे पाच'मध्ये एकशे आणि पाच शेजारी आले की मिळवायचे असतात, म्हणून त्याने तीनशे दोन आणि अकरासुद्धा मिळवले आणि सगळ्याला पाचने गुणलं. सहदेवरावांनी माफी मागितली आणि फ्लॅटच्या नंबराला वेगळी चौकट केली. सर म्हणाले, "चूक तुमच्या प्रोग्रामची नाही. त्याने नियम पाळला. मी नको ते लिहिलं." एवढं म्हणून ते तीन मजले जिन्याने चढून गेले, लिफ्ट चालू असताना.

राहता राहिल्या मनुबाई. त्यांना फॉर्म भरता येत नव्हता, म्हणून सहदेवराव स्वतः तळमजल्यावर गेले. मनुबाई दारात जाळं शिवत बसल्या होत्या. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या सासरची. त्या बदल्यात त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि होडीची जागा तोंडी कबूल झाली होती. ज्याने कबूल केली तो बिल्डर पुढे दिसला नाही. नाफडेंचा डोळा त्या जागेवर होता. गुणांत होडी बसणार नाही आणि जागा आपोआप सुटेल, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय त्यांच्या मुलाने नुकतीच दुसरी गाडी घेतली होती.

"मनुबाई, सदर जागेवरील वास्तव्य किती वर्षांचं?" सहदेवरावांनी विचारलं.

"कोनाचा? माजा का आमचा?"

सहदेवरावांनी फॉर्म पाहिला. कोणाचं ते लिहिलेलं नव्हतं.

"माजा मंजे लगीन होऊन आले त्याला छप्पन वरसा. आमचा घर हतं हाय त्याला पावनेदोनशे. कागद हाय, तुमच्याच हापिसान दिलाय."

आणि होता. सोसायटीच्या जमिनीच्या फाइलीत पहिलंच पान मनुबाईंच्या आजेसासऱ्यांच्या आज्याच्या नावाचं होतं, आणि त्यावर नाफडेंचीच सही होती, सत्यप्रत म्हणून. सहदेवरावांनी मनुबाई सांगत गेल्या तसं टाइप केलं: पावणेदोनशे गुणिले पाच अधिक एक गुणिले दहा. वजा काही नाही, मनुबाईंकडे दुचाकी नव्हती. उत्तर त्यांनी पाहिलं नाही. नियमच होता, की उत्तरं सर्वांची एकदम सभेत उघडायची. पण आठशेच्या वर जाणार हे समजायला प्रोग्राम लागत नव्हता, आणि होडी उठली नाही तर गाड्यांना आठच जागा उरतात, हेही.

सभेच्या आदल्या दिवशी नाफडे घरी आले. त्यांना वास लागला होता. ते म्हणाले, "म्हापणकर, त्या पावणेदोनशेमध्ये 'शे' चुकून पडला असेल. पावणेदोन करून टाका. तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

सहदेवराव खुर्चीत ताठ बसले. त्यांना राग कशाचा आला हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मनुबाईंच्या अन्यायाचा असेल, किंवा त्या 'शे'वर दोन दिवस घालवले होते त्याचाही असेल. "नाफडेसाहेब," ते म्हणाले, "त्याला पावणेदोनशे येतं. मी शिकवलंय. आता येत नाही असं करायला मी त्याला सांगणार नाही."

"गणित माणसासाठी असतं, माणूस गणितासाठी नसतो."

"मग त्या दिवशी चौदाला मत द्यायचं होतं."

नाफडे चहा न घेता गेले.

सभेला तिन्ही विंगांचे लोक आले होते आणि सी विंगेचा सुदेश आईला घेऊन आला होता. प्रोग्रामने तेवीस ओळी वाचल्या. एकदाही अडला नाही. यादी टीव्हीवर आली. पहिल्या मनुबाई, आठशे पंच्याऐंशी. नाफडे उठलेच होते. "वास्तव्य म्हणजे इमारतीतलं. आणि होडी म्हणजे वाहन नव्हे."

परशुराम सर म्हणाले, "सदर जागेवरील, असं आहे. इमारतीतलं, असं नाही. खाली सरकारी शिक्का आहे, तो तुम्हीच आणलात. आणि वाहून नेतं ते वाहन. होडी वाहून नेते. तुमची दुसरी गाडी तीन आठवडे जागची हललेली नाही."

लोक हसले आणि पहिला क्रमांक मंजूर झाला. दुसरे नाफडे. सहदेवराव पुढे वाचत गेले. मोठ्याने, एका लयीत, आपल्याच आवाजावर थोडे भाळून. सातवा, आठवा. नववा सुदेश: पंच्याण्णव अधिक दहा वजा दोन, एकशे तीन. सुदेशची आई पूर्ण दहा गुण मिळाल्याने प्रसन्न दिसली.

दहावा क्रमांक वाचायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दहावे सहदेव म्हापणकर, एकशे अडीच.

त्यांना आठवलं. राहायला येऊन साडेअठरा वर्षं झाली होती. बाकी सगळ्यांनी वरचा पूर्ण आकडा धरला होता. लक्ष्मीबाईंनीही सांगितलं होतं, एकोणीस लिहा म्हणून. पण साडे कसा चालतो ते लोकांना दिसावं म्हणून त्यांनी मुद्दाम साडेअठरा लिहिलं होतं. साडे उत्तम चालला होता. एकोणीस लिहिलं असतं तर एकशे पाच झाले असते. जागा अर्ध्या गुणाने गेली होती.

"दहावा कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी," सहदेवराव म्हणाले, आणि त्याच लयीत अकरावा वाचला.

घरी लक्ष्मीबाई काही बोलल्या नाहीत. आठ दिवस बोलल्या नाहीत. फक्त भाजी वाढताना "अर्धी पोळी देऊ?" असं एकदा विचारलं आणि ते निव्वळ पोळीबद्दल असावं असं सहदेवरावांनी ठरवलं. त्यांची छोटी लाल गाडी रस्त्यावर, गटाराच्या कडेला उभी राहू लागली. दुसऱ्या दिवशी तिचा एक आरसा गेला. चौथ्या दिवशी कुणीतरी काचेवर बोटाने 'मला धुवा' असं लिहिलं.

नवव्या दिवशी सकाळी मनुबाईंनी खालून हाक मारली. त्या आणि त्यांचे दोन पुतणे होडीपाशी उभे होते. ताडपत्री काढली होती. पुतण्यांनी जोर लावून होडी भिंतीच्या कडेला तिरकी सरकवली, तिच्या टोकाखाली एक लाकडी घोडा लावला, तेव्हा तिच्या पोटाशेजारी एक मोकळी पट्टी निघाली.

"आन तुजी गाडी," मनुबाई म्हणाल्या. "बारकी तं हाय. बसंल."

"मनुबाई, जागा तुमची आहे."

"मंग? माजीच हाय म्हनून बोलवते. तुजे नफड्याची असती तं त्यानी बोलावला असता का?"

सहदेवरावांनी गाडी आणली. इंच इंच मागेपुढे करत आत घातली. ती बसली. होडीचं टोक बॉनेटच्या वर छपरासारखं आलं आणि गाडीत सुक्या जवळ्याचा वास भरला. लक्ष्मीबाई गॅलरीतून बघत होत्या. आठ दिवसांनी त्या बोलल्या. "आरसा दुमडा तो. एकच राहिलाय."

एवढ्यात नाफडे फेरी मारायला आले. होडी पाहिली, गाडी पाहिली, पुतणे पाहिले. खिशातून शिक्क्याचं पान काढलं. हल्ली हे पान ते कायम जवळ बाळगत. "एका जागेत दोन वाहनं? म्हापणकर, हे कुठल्या नियमात बसतं?"

सहदेवरावांनी गाडीला चावी लावली, दार एकदा ओढून पाहिलं. ते सावकाश, अगदी परशुराम सरांसारखे म्हणाले, "नियमात नाही बसत, नाफडेसाहेब. जागेत बसतं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना योग्य उत्तर योग्य वेळी सुचलं होतं. त्याचा परिणाम बघायला न थांबता ते रुबाबात मागे वळले, आणि होडीच्या टोकावर त्यांचं कपाळ असं काही आपटलं, की तिसऱ्या मजल्यावरून सरांनी खिडकी उघडून, काय पडलं, असं विचारलं.